भेगांमधलं पाणी

फुजैराला आपण जातो ते समुद्रासाठी. डब्यात इडल्या, मागच्या सीटवर मुलांची भांडणं, आणि सगळ्यांचे डोळे किनाऱ्याकडे. वाटेतले हजर पर्वत "काय बाई उजाड, एक झाड नाही" एवढ्यावर संपतात. माझं काम जमिनीखालच्या खडकांच्या तपासणीचं, त्यामुळे मी मसाफीच्या जुन्या रस्त्यावर गाडी थांबवतोच. घरचे कुरकुरतात, पण उतरतात.

रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे बघा. काळपट तपकिरी खडकात हिरवट, पांढऱ्या रेषांचं जाळं दिसेल. हा खडक सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाखाली तयार झाला आणि पुढे अरबस्तानच्या काठावर चढला. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे धाकटाच. त्या रेषा म्हणजे जुन्या भेगा. त्यांत पाणी शिरलं, खडकातली खनिजं बदलून फुगली, जागा पुरेना, मग शेजारी आणखी भेगा पडल्या. आपले जुने पाथरवट दगडाला खाचा पाडून सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकत आणि वर पाणी ओतत. लाकूड फुगलं की दगड दुभंगे. इथे तेच काम खनिजांनी केलं.

खोल गेल्यावर हिशोब बदलतो. एक किलोमीटर खाली वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २७० किलो असतो. तो भेगा मिटवायला बघतो. भेगेत भरलेलं पाणी तिथे १०० किलोच्या आसपास उलटं ढकलतं. उरलेल्या फरकावर भेग मिटलेली राहते. पाण्याचा दाब वाढला की फरक घटतो, आणि ताणाखाली असलेला खडक सरकू शकतो. शिवाय ग्रॅनाइटमधल्या गारेचे रासायनिक बंध ओलाव्यात कमकुवत होतात, त्यामुळे भेगेचं टोक कोरड्या खडकातल्यापेक्षा कमी ताणात पुढे सरकतं.

हेच पाणी माणूस कामालाही लावतो. फुजैरात एडनॉकने डोंगराच्या पोटात प्रत्येकी १ कोटी ४० लाख पिंपांची तीन भुयारं करायला घेतली, कच्च्या तेलासाठी. मंगळूर आणि पाडूरलाही आपल्या देशाचे असेच साठे आहेत, आणि मंगळूरच्या भुयारात २०१८ पासून एडनॉकचंही तेल ठेवलेलं आहे. तिथल्या भिंतींना पोलादी अस्तर नाही. भुयाराच्या वरच्या खडकात छिद्रं पाडून पाणी सोडतात. भेगांतल्या पाण्याचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त ठेवला की तेल बाहेर झिरपत नाही, पाणीच थोडं आत येतं आणि ते तळातून उपसतात.

माझं आजोळ पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल आजी सांगायची, "जातं फिरावं तशी जमीन घरघरली, मग भिंत आडवी." कोयनेच्या त्या भूकंपात जवळपास दोनशे माणसं गेली. शिवसागराचं वजन आणि खोल भेगांत उतरलेला पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या खडकाला धक्का दिला, असं भूशास्त्रज्ञ मानतात. २०१७ मध्ये कोयना भागात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधन केलं, तेव्हा सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइट लागला. ते भूकंप होतात त्या खोल ग्रॅनाइटचा हा वरचा भाग.

हे सगळं इथे सांगायचं कारण आपल्या घरातला दिवा. बराकाच्या चारही अणुभट्ट्या सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण चालू आहेत आणि देशाची सुमारे पाव वीज त्या देतात. आपल्या बाल्कनीतल्या आकाशकंदिलातही ती आहे. वापरलेलं इंधन भट्टीशेजारच्या पाण्याच्या टाक्यांत गार होत असतं. भारत तारापूरला अशा इंधनावर प्रक्रिया करून उरलेला कचरा काचेत बंद करतो. अमिरातीने मात्र पुनर्प्रक्रिया करणार नाही असं २००९ मध्येच मान्य केलेलं आहे, म्हणजे इंधन आहे तसं सांभाळायचं.

फिनलंडने ओल्किलुओतोला ४०० मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात भुयारं खोदली. तांब्याचे डबे, भोवती बेंटोनाइट माती. ओल लागली की ती माती फुगून भेगा बुजवते. पाथरवटाच्या पाचरीचाच गुण, पण इथे बंद करण्यासाठी. तेलाच्या भुयारावर पंप चालवणारी माणसं असतात. कचऱ्याच्या भुयाराला एक लाख वर्षं कोणी रखवालदार मिळणार नाही, म्हणून तिथे खडक, माती आणि पाणी यांच्यावरच भिस्त.

आपण इथे व्हिसाच्या मुदतीवर राहतो. इंधन आपल्या मागे राहणार आहे. या वर्षी फुजैराला जाल तेव्हा मुलांना त्या कड्यापाशी उतरवा आणि रेषांवरून बोट फिरवू द्या. पुढे हा प्रश्न त्यांच्यातल्याच कुणाच्या टेबलावर येईल.