बाळ मांडीवर, भार देवावर

'सुदैवाने चिमुकला बचावला.' हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशोब नाही. हायवेवर अपघात झाला, गाडीत लहान मूल होतं आणि ते वाचलं, की हे वाक्य आपोआप कीबोर्डवर येतं. आणि वाचलं नाही तर 'चिमुकल्यासह' हा शब्द हेडिंगमध्ये जातो. मधला प्रश्न, ते मूल गाडीत बसलं कसं होतं, हा मी एकदाही पोलिसांना विचारला नव्हता. गेल्या चतुर्थीत तो प्रश्न माझ्याच घरात आला, म्हणून आज लिहितोय. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

माझी भाची आणि जावई पुण्याहून चतुर्थीला आले. सोबत त्यांचा दीड वर्षाचा मुलगा. गाडीत मागच्या सीटवर त्याची वेगळी खुर्ची बसवलेली, चाइल्ड सीट. पुण्यापासून मालवणपर्यंत पोरगं त्यातच बसून आलं. आमच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा शेजारपाजारच्यांना त्याचंच नवल. माझी आई तर म्हणाली, "तेका असो बांधून कित्याक हाडलास गो? चोर आसा काय तो?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी कुडाळला मावशीच्या घरी गणपतीला जायचं ठरलं. जावई चालवणार, पुढे मी. मागे भाची, ताई आणि बाळाची खुर्ची. आई तयार होऊन पायरीवर उभी. आता ती कुठे बसणार? "मगे मी काय टपार बसू?" आईने विचारलं. भाची म्हणाली, "मामा, आपण रिक्षा बघूया का एक?" मी म्हटलं, "अगो, अर्ध्या-पाऊण तासाचो तर रस्तो. काय होवचा नाय. काढ ती खुर्ची, बाळाक ताई मांडयेर घेतली." ती दोनदा नको म्हणाली. जावई गप्प राहिला, मामेसासऱ्यासमोर काय बोलणार बिचारा. खुर्ची मी स्वतः उचलून पडवीत नेऊन ठेवली.

चौके ओलांडल्यावर एका वळणावर पाडसासकट गाय रस्त्यात. जावयाने ब्रेक मारला. गाडी थांबली, कशाला धडकली नाही, ओरखडाही नाही. वेग चाळीस-पंचेचाळीस असेल. पण ताईच्या मांडीवरचं बाळ दोन सीटच्या फटीतून पुढे आलं आणि त्याचं कपाळ गिअरवर आपटलं. ताईने त्याला दोन्ही हातांनी धरलेलं होतं. तिच्या हातात त्याचं झबलं राहिलं होतं, बाळ नव्हतं.

भुवईवर दोन टाके पडले. नंतर उलटी झाली म्हणून डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवायला सांगितलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रात्री मोबाइलवर सवयीप्रमाणे ओळ मनात आली, 'सुदैवाने...' आणि पुढे टाइप करवेना. भाची रात्रभर मला एक शब्द बोलली नाही. तिने काही बोलायची गरजही नव्हती. आज पोरगं ठणठणीत आहे. ताई मात्र अजून म्हणते, "माझे हात सुटले." तिचे हात सुटले नाहीत. ते कोणाचेच टिकले नसते. हे मला नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं, तो हिशोब तुम्हालाही सांगतो.

नुसत्या जोरदार ब्रेकला अकरा किलोचं बाळ आठ-नऊ किलोच्या ओढीने पुढे जातं. बेसावध असलं की तेवढंही हाताला आवरत नाही. आता धडक धरा. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी झाडावर किंवा ट्रकवर आदळली, तर पुढचा भाग चेपत ती साधारण अर्ध्या मीटरात थांबते. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या साधारण वीस पट होतो. म्हणजे अकरा किलोचं बाळ दोनशे-सव्वादोनशे किलोच्या जोराने हातातून निसटू पाहतं. सिमेंटच्या चार गोणी. कुठल्या आईचे, कुठल्या आजीचे हात त्या धरतील?

दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. 50 च्या वेगाने आदळणं म्हणजे दहा मीटरवरून, आपल्या परड्यातल्या चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून खाली पडणं. 80 च्या वेगाला ती उंची पंचवीस मीटर होते, एवढा माडही आपल्याकडे क्वचित. माडावर बाळाला घेऊन कोणी चढेल का? पण चौपदरी हायवेवर कसाल ते सावंतवाडी आपण 80-90 ने जातो, बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर, आणि खिडकीतून हात बाहेर.

'आमची पोरां काय अशीच वाढली नाय?' हा प्रश्न मला या पोस्टखालीही येणार, माहीत आहे. वाढली. पण तेव्हा आपल्याकडे एसटी होती, आणि जुना हायवे असा होता की चाळीसच्या वर गाडी गेली तर ड्रायव्हरचं कौतुक व्हायचं. आता रस्ता चौपदरी झाला, वाडीवाडीत गाड्या आल्या, वेग दुप्पट झाला. बाळाला धरायची पद्धत मात्र आजीच्या काळातलीच राहिली.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण आपल्याकडे हा कायदा आहे हेच बहुतेकांना ठाऊक नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, 1 सप्टेंबर 2019 पासून लागू. त्यातलं कलम 194 ब. चौदा वर्षांखालचं मूल गाडीत असेल आणि त्याला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट लावलेली नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला हजार रुपये दंड. पण नाक्यावर पोलीस बघतात तो ड्रायव्हरचा बेल्ट. मागे मांडीवर बाळ असेल तर उलट 'जावा जावा, लहान पोर आसा' म्हणून सोडतात. माया म्हणून सोडतात, पण ती माया बाळाच्या कामाची नाही.

मागे बसणाऱ्याला बेल्ट कशाला, हा समज तर मोठमोठ्यांचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, एअरबॅगवाली. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते दोघे गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. केंद्र सरकारच्याच अहवालात 2022 साली बेल्ट न लावल्यामुळे देशात 16,715 माणसं दगावल्याची नोंद आहे. त्यातले 8,331 प्रवासी होते, ड्रायव्हर नव्हे. जवळजवळ निम्मे.

आता कामाचं. त्या रात्रीनंतर मी आणि जावयाने सीटचं माहितीपुस्तक काढून पहिल्यापासून वाचलं. तेव्हा कळलं की त्यांनीही सीट घेतली होती, पण नीट बसवलेली नव्हती. पट्टे सैल होते आणि सीट गदागदा हलत होती. म्हणून नीट लक्षात ठेवा.

तान्हं बाळ नेहमी मागे तोंड करून, म्हणजे त्याची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक. धडकेत पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीवर टेकतं, मानेला हिसका बसत नाही. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत असं बसवणं सक्तीचं आहे. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत बसत असेल तर त्यापुढेही तसंच ठेवलेलं चांगलं. 'एक वर्ष झालं, आता फिरवा' ही घाई करू नका.

पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंडवाली सीट तिथे कधीच लावायची नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटते ती थेट बाळाच्या डोक्यामागे. सगळ्यात चांगली जागा मागची सीट.

सीट बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवून बघा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर ती बसलेली नाही. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येतोय? मग तो सैल आहे, अजून ओढा. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून आले पाहिजेत. आत जाड स्वेटर, दुपटं कोंबू नका. पांघरूण द्यायचं तर पट्ट्यावरून द्या.

चार-पाच वर्षांनंतर पट्ट्यांची सीट लहान पडते, मग बूस्टर, म्हणजे बसायची उंचवट्याची गादी. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो, यायला हवा खांद्यावर आणि मांडीच्या हाडावर. मूल साधारण साडेचार-पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर लागतो.

आणि एक आपल्याकडे हमखास दिसणारी गोष्ट. आई आणि मांडीवरचं बाळ, दोघांना मिळून एकच बेल्ट. असं कधीही करू नका. धडकेत आईचं सगळं वजन बेल्टच्या आणि तिच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येतं.

सीट घेताना त्यावर गोलातल्या 'ई' अक्षराचं प्रमाणपत्राचं लेबल आहे का बघा. कोणाची वापरलेली घेत असाल तर एकच प्रश्न विचारा, ही सीट अपघातातून गेलीय का? गेली असेल तर फुकटही नको. आणि आपल्या उन्हात उभ्या गाडीत बकलं तापतात, बाळाला बसवण्याआधी हात लावून बघा.

पैशाचं म्हणाल तर साध्या सीटला काही हजार रुपये जातात. ज्याची गाडीच हप्त्यावर, त्याला ते जड आहेत, मान्य. पण बारशाला आपण पाच पाळणे आणि दहा ड्रेस देतो. सगळ्या नातेवाईकांनी मिळून एक सीट द्यायला काय हरकत? एका घरात मूल मोठं झालं की दुसऱ्या घरात द्या. आणि गाडी नसलेल्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, हेही ऐका. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधणं, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग 40 च्या आत, हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. टाकीवर पोर बसवून बाजारात जाणारे आपण सगळेच त्यात येतो.

माझी आरटीओला आणि वाहतूक पोलिसांना विनंती आहे. चतुर्थीला चाकरमान्यांच्या स्वागताला नाक्यावर चहापाण्याचे मंडप लागतात. तिथेच एक टेबल मांडा. दंड पुस्तकात राहू दे, पहिल्या वर्षी नुसती सीट बसवून दाखवा. बाळंतपण करणाऱ्या दवाखान्यांनी घरी सोडताना लसीच्या कागदासोबत दोन वाक्यं याचीही सांगावीत. कुडाळ स्टेशन, चिपी विमानतळावरच्या टॅक्सीवाल्या भावांनी गाडीत एक सीट ठेवली तर मुलंबाळंवाले पर्यटक तुमचाच नंबर जपून ठेवतील.

यंदा भाची परत येणार आहे. मी आधीच फोन करून सांगितलंय, खुर्ची काढायची नाही. गाडीत जागा कमी पडली तर रिक्षाने मी जाईन. आई फोनच्या बाजूला बसून ऐकत होती. म्हणाली, "तू कित्याक? मी जातंय रिक्षेन. पोर बसांदे तेच्या खुर्चेत."

आणि अपघाताच्या बातमीत यापुढे मी एक ओळ जास्त लिहिणार आहे, मूल गाडीत कसं बसलं होतं त्याची. पोलीस बंधूंनी पंचनाम्यात ती नोंद करावी, म्हणजे मला दरवेळी 'सुदैवाने' लिहावं लागणार नाही.