जपानी बोलणारी गाडी

मोंबासा

किलिंदिनी बंदरात जहाजातून उतरणाऱ्या मोटारी बहुतेक वापरलेल्याच असतात. केनियात नवी कोरी गाडी घेणारे थोडे. शिक्षक, दुकानदार, टॅक्सीवाले, भारतातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं, सगळ्यांची मदार जपानहून आलेल्या जुन्या टोयोटा-निस्सानवर. जपानही डाव्या बाजूने गाडी चालवणारा देश, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रश्न उरत नाही. शिवाय तिथे नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी 3 वर्षांनी आणि पुढे दर 2 वर्षांनी होते. ती इतकी खर्चिक पडते, की धडधाकट गाडीसुद्धा मालक विकून मोकळा होतो.

केनिया 8 वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाही. जानेवारी उजाडला की आणखी एक साल बाद!

खरी गंमत करांची. आयातशुल्क 35 टक्के. ते धरून जी रक्कम होते तिच्यावर अबकारी कर, आणि या सगळ्यावर 16 टक्के व्हॅट. दीड लिटरच्या आतल्या लहान इंजिनालासुद्धा 100 शिलिंगांच्या मूल्यावर या तीन करांपोटीच 88 शिलिंगांच्या आसपास सरकारात जातात. जपानमध्ये घासाघीस करून गाडी स्वस्तात मिळवली तरी करात फारसं सुटत नाही. कारण मूल्य ठरतं ते करखात्याच्या यादीतून, नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून.

बंदराबाहेर आलेली गाडी काही दिवस जपानीच असते. किल्ली फिरवली की आतली बाई टोलचं कार्ड घातलेलं नाही, अशी तक्रार जपानीत करते. जुन्या जपानी रेडिओचा पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झचा. त्यापुढची स्थानिक स्टेशनं ऐकायला वेगळा डबा बसवून घ्यावा लागतो.

नैरोबी

न्गाँग रोडवर गाड्यांचे बाजार ओळीने लागतात. नवखा मराठी माणूस इथे येतो तो जपानी लिलावाचा, म्हणजे तिथे गाडी विकताना झालेल्या तपासणीचा, कागद शोधत. त्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि त्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, आकडा मोठा तसा दोष मोठा. गुणांच्या जागी आर दिसला, तर अपघातानंतरची दुरुस्ती. कागद वाचायला शिकावंच, पण त्याच्या प्रेमात पडू नये. बर्फाळ होक्काइदोत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. वरचा रंग मात्र आरशासारखा राहतो. गाडी जॅकवर चढवून, खाली वाकून पाहिल्याशिवाय पैशांची बोलणी करू नयेत.

'लोकली यूज्ड', म्हणजे केनियातच वापरलेली गाडी, स्वस्त असते आणि उगीचच बदनाम आहे. इथल्या खड्ड्यांत तिचं सस्पेन्शन काय करतं, एसी दुपारच्या गर्दीत टिकतो का, हे एव्हाना उघड झालेलं असतं. सोबत स्वतःचा फुंडी, म्हणजे मिस्त्री, न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात ते चार-पाच मॉडेलचेच. म्हणून टोयोटा प्रोबॉक्ससारखी कळाहीन गाडी इथे भाव खाऊन असते. (दुचाकीत मात्र आपल्या आकुर्डीच्या बजाजची बॉक्सर. बोडा-बोडावाल्यांकडे, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांकडे, जिथे तिथे तीच दिसते.)

इंजिनाइतकंच लॉगबुक, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, तपासायला हवं. गाडी कर्जावर असेल तर त्यात मालकाबरोबर बँकेचंही नाव असतं, आणि बँकेने सोडल्याशिवाय मालकी बदलत नाही. नोंद सरकारी पोर्टलवर पाहता येते. त्यासाठीची फी गाडीच्या किमतीपुढे किरकोळ.

देश सोडून निघालेल्या परदेशी अधिकाऱ्यांच्या गाड्या निगुतीने ठेवलेल्या असतात आणि भावही मोहात पाडणारा असतो. पण राजनैतिक सवलतीत करमुक्त आलेली गाडी सामान्य माणसाच्या नावावर करताना माफ झालेला कर भरावा लागतो. तो कोण भरणार, हे इसार देण्याआधी लिहून घेतलेलं बरं.