अम्मीची मिश्री

रमजानात इफ्तारनंतर अम्मीला आधी मिश्री लागते, मग चहा. मागच्या आठवड्यात साताऱ्याहून तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी गालातला पांढरा चट्टा पाहून तुकडा तपासायला पाठवला.

विभागण्याआधी पेशी डीएनएतल्या सुमारे ६०० कोटी जोड्यांची नक्कल करते. उर्दूच्या वर्गात मी सांगतो, नुक्ता वरून खाली सरकला की ‘खुदा’चं ‘जुदा’ होतं. तंबाखूतली रसायनं अशाच चुका घडवतात. नक्कल अडली की पेशी थांबते, दुरुस्ती करते. नाहीच जमलं तर पी-५३ नावाचं प्रथिन तिला मरायला लावतं. ते प्रथिनच बिघडलं, तर तुटकी गुणसूत्रंही पुढच्या पेशींत जातात.

"अम्मी, मिश्री सोड," एवढंच म्हणालो.

"रिपोर्ट तो आने दे."

डबी अजून कोनाड्यातच आहे.