कुंभार्ली घाटांतील खोळंबा

भगिनीच्या घरच्या मुंजीसाठीं आम्ही पुतण्याच्या फटफटीवर चिपळुणाहून कराडास निघालों. पोफळी मागें पडली, कुंभार्ली घाटाची चढण लागली आणि इंजिन तापल्याचा तांबडा दिवा लागला.

"काका, पाणी ओतूं नि निघूं, मुहूर्त टळेल," पुतण्या म्हणाला. तेवढ्यांत थांबलेल्या एका टेंपोवाल्यानें त्याचा हात धरला. तापल्या रेडिएटरचें झाकण काढल्यास उकळतें पाणी तोंडावर उसळतें. तासाभरानें झाकण काढलें, तों शीतक बरेंच उणें. बाहेर मात्र थेंबाचीही गळती नाहीं. मग त्यानें इंजिनाच्या कांचेंतून तेल दाखविलें. तें ताकासारखें पांढुरकें!

न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. येथें धुराचा रंगही पाहावा लागतो. निळा धूर तेल जळाल्याचा. सतत येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर बहुधा हेड गॅस्केट फुटल्याचा. थंडींत थोडथोडी चालविलेल्या गाडींत बाष्प निवूनही तेल पांढुरतें; परंतु शीतकही घटलें असेल तर तें तेलांत शिरलें असें समजावें. असल्या तेलावर गाडी हांकल्यास बेअरिंगें झिजून इंजिन निकामी होतें.

फटफटी टेंपोंत घालून आम्ही परतलों. चिपळुणास कारागिरानें पाण्याचा पंप उघडला. आंतील सील झिजलें होतें. इंजिन वांचलें.

मुंज मात्र आमच्यावांचून लागली. भगिनीचा रुसवा अद्याप गेलेला नाहीं; पण पुतण्या आतां तेल पाहिल्यावांचून उंबरा ओलांडीत नाहीं.