मारुती ८०० चे शॉकअप आणि भेंडीचा तोडा

भेंडीचा तोडा तोंडावर आलाय. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, थांबलं की निबर. चार-पाच क्रेटसाठी दर वेळी टेंपो सांगितला तर भाड्यातच पैसे जातात. म्हणून आमची २००९ ची मारुती ८००. मागची सीट काढली की क्रेट बसतात, पहाटे कल्याण मार्केट गाठता येतं. पण यंदाच्या पावसात नेरळ-कळंबच्या खड्ड्यांनी पुढचं सगळं खिळखिळं केलं.

एका मोठ्या वर्कशॉपने साडेचौदा हजार सांगितले. वर सल्ला, "काका, भंगारात द्या." भंगारात देऊन भेंडी काय डोक्यावरून नेऊ? १५ वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षीच नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० भरलेत. एप्रिल २०२२ च्या आधी हेच ६०० होते.

आधी काय गेलंय ते बघितलं. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, गाडी तीन-चार वेळा झुलली, म्हणजे शॉकअप संपले. दांड्यावरून तेलही ओघळलेलं. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं. खुळखुळ आली तर बॉल जॉईंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे आली तर टाय रॉड एंड. माझा डावीकडचा बॉल जॉईंट गेलेला, उजवा ठणठणीत. आर्मचे बुश दोन्हीकडचे फाटलेले. (पूर्ण वळवल्यावर कटकट वाजते ती ड्राइव्ह शाफ्टची, तिचा शॉकअपशी संबंध नाही. त्यापायी लोक शॉकअप बदलत बसतात.)

८०० बनणं जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत, त्यामुळे पार्टला तोटा नाही. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ. मला पुण्याला काम होतंच, नाना पेठेत गेलो. जुना आर्म पिशवीत घालून नेला, हे महत्त्वाचं. "सेमच आहे, बसतो" यावर जाऊ नका, काउंटरवर शेजारी ठेवून भोकं जुळवा.

शॉकअप नावाजलेल्या कंपनीचे घेतले, जोडीने. एकच बदलला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. डावा आर्म बॉल जॉईंटसकट नवा घेतला, उजव्याला नुसते बुश. पक्कं बिल घेतलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर विचारा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातले पार्ट आणखी स्वस्त पडतात. दरवाजा, आरसा, दिव्याची काच तिथून खुशाल घ्या. शॉकअप, बॉल जॉईंट आणि रबर मात्र कधीच नको. बॉल जॉईंट निसटला तर चाकच आडवं होतं, आणि आपण पहाटे चारला अंधारात मालासकट रस्त्यावर.

बसवायला गावातलाच मिस्त्री. त्याच्याकडे स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आहे याची खात्री केली. दोरी-तारेने स्प्रिंग बांधणाऱ्यापासून लांब राहा, ती सुटली तर जबडा फोडते. बुशचे बोल्टही गाडी जॅकवर असताना फक्त अडकवायचे, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. माझा मिस्त्री आधी हसला, मग केलं त्याने तसंच.

पार्ट, मजुरी, कर्जतला अलाइनमेंट मिळून सात हजारांच्या आत काम झालं. टायर आतून घासलेत, ते अजून एक हंगाम ओढतील.

आता मागच्या स्प्रिंगा राहिल्यात. ओम्नीला मागे पाटे, एक पाटा वाढवला की भागतं. ८०० ला कॉइल स्प्रिंग, तिथे ती सोय नाही. रबरी बफर घाला म्हणतात, पण त्याने दणका सरळ बॉडीला बसेल असं मला वाटतं. तोपर्यंत पाचाऐवजी चारच क्रेट नेतोय. कुणी नव्या स्प्रिंगा अलीकडे घेतल्या असतील तर भाव सांगा.