प्रतिस्पर्ध्याची पाळी

कबड्डीत भीती घामावाटे निघून जाते, हे आम्हां आदिलाबादच्या मुलांस ठाऊक आहे. बिलियर्ड्‌सच्या मेजापाशी तिला वाटच नाही. प्रतिस्पर्धी गुण मिळवीत असेतो खेळाडूने खुर्चीत स्वस्थ बसावयाचे आणि पाळी येताच गारठलेल्या हाताने अचूक फटका मारावयाचा! हौशी खेळाडूस तर मोठ्या सामन्यांची सवय ती कोठून असणार? पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स असेच हौशी. १९५८ साली कलकत्त्यास, स्वदेशीयांच्या डोळ्यांदेखत, ते जागतिक हौशी विजेते झाले. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. आम्हांस त्यांच्या फटक्यांहून त्यांच्या त्या खुर्चीतल्या बसण्याचेच नवल अधिक वाटते. कॅरमच्या सामन्यात समोरचा एकामागून एक सोंगट्या घेत सुटला, की आमची बोटे पाळी येण्यापूर्वीच थरथरू लागतात.