आठाच्या पुढे आकडा नाही

"जगातलं आजवरचं सगळ्यात जोरदार चक्रीवादळ कुठलं?" प्रश्न क्विझमध्ये विचारायला फार सोपा. उत्तर शोधायला बसलं की मात्र पंचाईत. माझ्यासारखा माणूस अशा वेळी सवयीप्रमाणे यादी काढतो, वाऱ्याच्या वेगानुसार उतरत्या क्रमाने लावतो आणि वरची ओळ वाचतो. (सॉर्ट केलं की सत्य सापडतं, ही आमच्या धंद्यातली जुनी अंधश्रद्धा.) तसं केलं तर वर दोन नावं बरोबरीत येतात: 1961 चं नॅन्सी आणि 2015 चं पॅट्रिशिया, दोन्ही ताशी 345 किलोमीटर. वेगाऐवजी हवेच्या दाबाने यादी लावली, तर पहिला नंबर 1979 च्या टिपचा. आणि बातम्यांवर विसंबलात तर 2013 चं हैयान, नाहीतर 2020 चं गोनी.

आता या आकड्यांची जातकुळी एक असती तर मी हा लेख लिहिलाच नसता.

टिपपासून सुरुवात करू. वादळाच्या मध्यभागी दाब जितका कमी, तितका वारा जोरदार, हा ढोबळ हिशेब. एरवी समुद्रसपाटीला दाब साधारण 1010 हेक्टोपास्कल असतो. 12 ऑक्टोबर 1979 ला अमेरिकी हवाई दलाचं विमान पश्चिम पॅसिफिकमध्ये टिपच्या थेट डोळ्यात शिरलं आणि तिथून खाली एक ड्रॉपसाँड सोडला. ड्रॉपसाँड म्हणजे छोट्या पॅराशूटला बांधलेली यंत्राची नळी. खाली पडतापडता ती दाब, तापमान वगैरे रेडिओवरून कळवत राहते आणि शेवटी समुद्रात बुडते. आकडा आला 870. आजही तोच विक्रम आहे, आणि मुख्य म्हणजे तो मोजलेला आहे. कुणीतरी जाऊन, जीव मुठीत धरून मोजलेला.

पुढे 1987 मध्ये पॅसिफिकमधली ही नियमित उड्डाणं बंद झाली. विमानं खर्चिक, आणि वरून उपग्रह बघतोच आहे की! तेव्हापासून अधूनमधून एखादी संशोधन मोहीम सोडली, तर जगातली सगळ्यात दांडगी वादळं जिथे होतात नेमक्या त्याच समुद्रात आत जाऊन मोजणारं कुणी नाही. सर्व्हरवर सगळ्यात जास्त लोड येतो नेमक्या त्याच वेळी मॉनिटरिंग झोपलेलं असतं, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. त्यातलाच प्रकार.

मग हैयानचे ते 315 किलोमीटर आले कुठून? इथे व्हर्नन ड्व्होरॅक नावाच्या हवामानशास्त्रज्ञाची एंट्री होते. या गृहस्थाने 1970 च्या दशकात एक भन्नाट गोष्ट केली. उपग्रहाच्या चित्रात वादळ *कसं दिसतं* यावरून ते किती जोरदार असेल, हे ठरवायची रीतसर पद्धत बसवली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले गेलेत, डोळा दिसतोय का, आणि (1984 च्या सुधारित आवृत्तीत) इन्फ्रारेड चित्रात डोळा किती उबदार आणि भोवतीचं कडं किती थंड. डोळा उबदार आणि कडं उणे 70-80 अंशांवर गेलेलं, म्हणजे ढग वातावरणात फार उंच चढलेत, म्हणजे खालचं इंजिन जोरात आहे. यावरून वादळाला 1 ते 8 मधला एक आकडा द्यायचा, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी, आणि मग तक्त्यात त्या आकड्यासमोरचा वारा वाचायचा. वैद्यबुवा नाडी बघून ताप सांगायचे ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की या नाडीपरीक्षेची तपासणी झालेली आहे. अटलांटिकमध्ये विमानं जातात, तिथे ताडून पाहिलं तेव्हा निम्मे अंदाज 5 नॉटच्या आत आणि 90 टक्के 18 नॉटच्या आत निघाले. (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) केवळ चित्र बघून! मला हे अजूनही थक्क करतं.

पण तक्ता 8 ला संपतो. 8 समोर लिहिलंय 170 नॉट. म्हणजेच ताशी 315 किलोमीटर. म्हणजेच, ओळखलंत, हैयान!

थोडक्यात, 7 नोव्हेंबर 2013 ला हैयान इतकं आखीवरेखीव दिसत होतं की ते तक्त्याच्या शेवटच्या ओळीला जाऊन टेकलं. खरा वारा 150 नॉट होता, 170 की 185, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपण कोडमध्ये एखाद्या व्हॅल्यूला कमाल मर्यादा घालतो आणि नंतर ग्राफ वरती सपाट दिसतो, तेव्हा तो सपाट भाग वास्तवातला नसतो, आपल्या मर्यादेचा असतो.

बरं, हे 315 सुद्धा एकाच कार्यालयाचे, अमेरिकी सैन्याच्या जॉइंट टायफून वॉर्निंग सेंटरचे. जपानच्या हवामान खात्याने त्याच वादळाला ताशी 230 दिले. एवढा फरक? नेहमीचं उत्तर असं की अमेरिकी मंडळी एका मिनिटाची सरासरी घेतात आणि जपानी दहा मिनिटांची. (आपलं हवामान खातं तीन मिनिटांची घेतं. प्रमाणीकरण वगैरे सब झूट.) जास्त वेळाची सरासरी घेतली की झोत विरघळतात आणि आकडा उतरतो, हे खरंच. पण मी गुणाकार करून पाहिला. एका मिनिटावरून दहावर यायला पूर्वी 0.88 ने गुणायचे. जागतिक हवामान संघटनेच्या 2010 च्या सल्ल्याप्रमाणे समुद्रावर 0.93 ने. 315 चे होतात 277 किंवा 293. 230 होत नाहीत! उरलेले पन्नासेक किलोमीटर सरासरीचे नव्हेत. तिथे तक्ता वेगळा आहे आणि चित्र वाचणारे डोळे वेगळे आहेत.

आता पॅट्रिशियाकडे या. हे मेक्सिकोच्या पश्चिमेला झालं, तिथे अमेरिकी विमानं जाऊ शकतात, आणि 23 ऑक्टोबर 2015 च्या सुमारास ती गेली म्हणून आपल्याला काही कळलं. 24 तासांत वारा 105 नॉटनी वाढला होता. म्हणजे आदल्या दिवशी किरकोळ वाटणारं वादळ सकाळी विक्रमवीर! त्या वेळी कमाल वेग 325 जाहीर झाला. सगळा डेटा पुन्हा चाळून 2016 च्या अहवालात तो 345 केला. उलट किनाऱ्यावर आदळतानाचा वेग आधी 270 सांगितला होता, तो 240 वर आणला. दाबाचा किस्सा तर अजून मजेदार. नोंद आहे 872 ची, टिपपेक्षा फक्त 2 ने जास्त. पण विमानाच्या मोजणीतला आकडा होता 879. त्यानंतर विमान परतलं आणि वादळ मात्र आणखी काही तास तापतच राहिलं, म्हणून पुढचा उतार उपग्रहचित्रांवरून धरला. म्हणजे सगळ्यात चांगलं मोजलेल्या वादळाचाही शिखराचा आकडा अंदाजच.

आणि त्याच्या बरोबरीचं नॅन्सी? 1961 मध्ये विमानात बसलेली माणसं बऱ्याचदा खालच्या समुद्राचा फेस आणि लाटा बघून वारा सांगायची. 1940 ते 60 च्या दशकांतले असे आकडे फुगलेले आहेत, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. पण ओळ यादीत आहे ती आहेच.

जाताजाता एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसत्या झोताचा चक्रीवादळातला विक्रम या बड्या मंडळींपैकी कुणाकडेच नाही. तो ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर 10 एप्रिल 1996 ला एका वाऱ्याच्या यंत्राने नोंदला, ताशी 408 किलोमीटर. वादळ होतं ऑलिव्हिया, पाचव्या श्रेणीचंही नव्हे. फक्त ते एका यंत्रावरून गेलं आणि यंत्र तगलं. तो आकडा अधिकृतपणे मान्य व्हायला 2010 उजाडलं.

"असू दे की अंदाज, वादळ जोरदार होतं ना, बास!" असं कुणी म्हणेल. क्विझपुरतं बास. पण हवामानबदलाने वादळं जास्त तीव्र होतायत का, हे याच आकड्यांवरून ठरवायचं असतं. 1980 चा उपग्रह धूसर, 2015 चा लख्ख. लख्ख चित्रात डोळा नीट दिसतो, आकडा चढतो, आणि वादळं वाढली असं वाटतं, जरी सुधारला असेल फक्त कॅमेरा. यावर जेम्स कॉसिन आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला फार आवडलं: त्यांनी नवी चित्रं मुद्दाम जुन्यांइतकी धूसर केली! 1979 ते 2017 पर्यंतचा सगळा डेटा एकाच पातळीवर आणला आणि त्यावर ड्व्होरॅकच्या पद्धतीचा एकच प्रोग्राम चालवला, माणसाचा डोळा मध्ये न आणता. 2020 मध्ये निष्कर्ष आला की वादळ मोठ्या श्रेणीत असण्याची शक्यता दर दशकाला सुमारे 8 टक्क्यांनी वाढलीय. चांगला डेटा फेकून देऊन मिळवलेलं हे उत्तर मला जास्त विश्वासाचं वाटतं. त्याच कॉसिननी मायकल वेनरबरोबर 2024 मध्ये सहाव्या श्रेणीची कल्पना मांडली. तिच्यात बसणारी पाच वादळं: हैयान, पॅट्रिशिया, मेरांती, गोनी, सुरिगे. यातल्या चौघांच्या आत त्या वेळी विमान नव्हतं. तेव्हा या श्रेणीबाबत मी सध्या कुंपणावर बसून आहे.

आपल्या बंगालच्या उपसागरातही नियमित विमानं जात नाहीत. 1999 च्या ओडिशाच्या महावादळाचे 260 किलोमीटर आणि 912 हेक्टोपास्कल हे आपल्या खात्याने मुख्यतः अशीच चित्रं वाचून दिलेले. त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

आणि सगळ्यात जास्त माणसं मारणारं वादळ यादीत कितव्या नंबरवर आहे, हे शोधायला मी खाली-खाली स्क्रोल करत गेलो. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेलं भोला. तीन ते पाच लाख बळी, बहुतेक समुद्राच्या पाण्याने. 2006 मध्ये क्रिस लँडसी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की त्या वादळाच्या तीव्रतेचा अधिकृत अंदाजच नाही. उपग्रहाची चित्रं होती. ती वाचायची ड्व्होरॅकची पद्धत त्यानंतर आली.